बारखाली शिरायला शिका: गावात राहून वेटलिफ्टिंग सुरू करणाऱ्यांसाठी

सोयाबीन निघालं की तालुक्याच्या बाजार समितीत अर्धा तास उभं राहावं आणि हमालांकडे नीट पाहावं. दोघं जण कट्ट्याचे, म्हणजे पोत्याचे, कोपरे धरतात, एक झोका देतात, कट्टा कमरेच्या थोडा वर येतो आणि तेवढ्यात तिसरा गडी गुडघे वाकवून त्याच्याखाली शिरतो. कट्टा पाठीवर बसला की तो पायांच्या जोरावर उठतो आणि चालू लागतो. 60 किलोचा माल कुणीच खांद्याच्या उंचीपर्यंत उचललेला नसतो. माल थोडा वर गेला, माणूस बराच खाली आला.

वेटलिफ्टिंग शिकायला आलेल्या नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, कारण त्यांच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. दंडात ताकद असली की बार, म्हणजे प्लेटा लावलेला लोखंडी दांडा, वर जातो, असं त्यांना वाटतं. मीराबाई चानूनं टोकियो ऑलिम्पिकमध्ये 49 किलो वजनगटात 87 किलोचा स्नॅच आणि 115 किलोचा क्लीन अँड जर्क करून रौप्यपदक घेतलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार नुसत्या दंडाच्या जोरावर डोक्यावर जात नाही. पायांनी जमीन ढकलून बारला वेग द्यायचा आणि बार वर जात असतानाच त्याच्याखाली जाऊन बसायचं, असा हा खेळ आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये शिकवतो. त्यामुळे साधनं कमी असणार, हे धरूनच पुढचं लिहिलं आहे.

स्पर्धेत दोनच प्रकार असतात. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एकाच झटक्यात थेट डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये दोन टप्पे असतात: आधी बार खांद्यावर घ्यायचा, मग तिथून डोक्यावर न्यायचा. पूर्वी प्रेस नावाचा तिसरा प्रकार होता, तो 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर काढून टाकला. गावातले जुने पहिलवान अजूनही प्रेसच्याच गोष्टी सांगतात. त्या ऐकाव्यात, पण तसा सराव करून स्नॅच येणार नाही.

पाइप, विटा आणि जागा

पहिले दोन-तीन आठवडे बार लागतच नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची जीआय पाइप साडेसहा-सात फूट कापून आणा. वजन तीनेक किलो भरतं आणि जाडी खऱ्या बारच्या जवळ जाते. पुरुषांचा बार 28 मिलिमीटर जाड असतो, महिलांचा 25. पाइपच्या टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, म्हणजे कापलेली कड लागणार नाही. बांबूही चालतो, पण त्याची पेरं तासून गुळगुळीत करा, नाहीतर तळहातात कूस जाते.

स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो. म्हणजे जमिनीवर ठेवलेला बार 22.5 सेंटिमीटर उंचीवर असतो. आपली नऊ इंची वीट उभी केली की जवळपास तेवढीच उंची मिळते. दोन विटा उभ्या करायच्या, त्यावर पाइप ठेवायचा, झाली सुरुवातीची जागा तयार. छोट्या प्लेटा लावून बार जमिनीवरून उचलण्याची चूक बरेच जण करतात. बार खाली असतो, मग पाठ गोल होते, आणि ती खोड पुढे सुटत नाही.

जमीन दाबलेल्या मुरमाची आणि सपाट हवी, निदान आठ फूट बाय आठ फूट. स्पर्धेचा प्लॅटफॉर्म चार मीटर बाय चार मीटर असतो. आमच्या शेडमध्ये पहिलं वर्षभर सारवलेली जमीन होती आणि तिचा मला फार उपयोग झाला, कारण ओलसर सारवणावर पायाचे ठसे उमटतात. त्याचा उपयोग पुढे सांगतो. नंतर पैसे जमले की मधोमध 18 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर आणि दोन्ही बाजूंना, जिथे प्लेटा पडतात तिथे, जाड रबर टाका. भंगारवाल्याकडे जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे मिळाले तर ते उत्तम.

बार घ्यायची वेळ आली की एकच गोष्ट तपासा: प्लेटा बसतात त्या टोकाच्या नळ्या मोकळ्या फिरतात का. साध्या जिममधल्या दांड्याची टोकं फिरत नाहीत. स्नॅचमध्ये मनगट उलटतं त्या क्षणी न फिरणाऱ्या प्लेटांचा पीळ थेट मनगटात आणि कोपरात येतो. पुरुषांचा बार 20 किलोचा असतो, महिलांचा 15 किलोचा. रबरी प्लेटांना रंग ठरलेले आहेत: लाल 25, निळी 20, पिवळी 15, हिरवी 10. सिमेंटच्या प्लेटा डोक्यावर नेऊ नका. त्या खाली सोडता येत नाहीत, आणि जो बार सोडता येत नाही तो डोक्यावर न्यायचाच नाही.

जाड मऊ तळाचे पळायचे बूट नकोत, त्यात पाय डुलतो. कॅनव्हासचे सपाट बूट घाला. पाइपवर काम करताना अनवाणीसुद्धा चालेल. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच सुमारे दोन सेंटिमीटर उंच आणि कडक असते; ते सहा महिन्यांनी पाहू.

आधी बसायला शिका

इथे गावातल्या पोरांना मोठी मिळकत आधीच मिळालेली आहे. निंदायला तास न् तास उकिडवं बसणाऱ्या मुलीच्या टाचा जमिनीला पक्क्या चिकटलेल्या असतात आणि घोटा पुरा वाकतो. खुर्चीवर वाढलेल्या माणसाला एवढं खाली बसायला कित्येक महिने लागतात.

पण निंदताना पाठ गोल असते, छाती मांडीवर टेकलेली असते. तेच बसणं आता छाती वर ठेवून करायचं आहे. पाय खांद्याएवढे फाकवा, पंजे थोडे बाहेर. खाली बसा, कोपरांनी गुडघे आतून बाहेर ढकला आणि समोरच्या भिंतीकडे पाहत छाती वर काढा. कमरेचा खालचा भाग आत गुंडाळत असेल तर दोन बोटं वर या. असं रोज पाच मिनिटं बसायचं. गप्पा मारत बसा, हरकत नाही.

मग पाइप डोक्यावर रुंद धरून तसंच बसा. याला ओव्हरहेड स्क्वॉट म्हणतात. पाइप डोक्याच्या किंचित मागे, मानेच्या मागच्या बाजूच्या बरोबर वर हवा. कोपरं पूर्ण सरळ. बसताना पाइप पुढे झुकत असेल तर खांदे आखडलेले आहेत. दोन्ही हातांनी पाइप रुंद धरून समोरून डोक्यावरून पाठीमागे नेण्याचा व्यायाम रोज 20 वेळा करा. कट्टे वाहणाऱ्या पोरांचे खांदे बहुतेक आखडलेलेच असतात, त्यांना थोडा वेळ लागतो.

पकड

अंगठा आधी बारभोवती घ्या आणि त्यावर पहिली दोन बोटं आवळा. याला हुक ग्रिप म्हणतात. अंगठा दुखतो. दोन-तीन आठवडे दुखतो आणि मग सवय होते. हा त्रास टाळून साध्या मुठीनं शिकलेली पोरं पुढे वजन वाढलं की बार हातातून निसटतो म्हणून अडकतात. म्हणून पाइपपासूनच हुक ग्रिप.

स्नॅचची पकड किती रुंद? पाइप हातात धरून सरळ उभे राहा, हात लांब सोडा, आणि पाइप जांघेच्या घडीत येईपर्यंत हात बाहेर सरकवा. एक मांडी वर उचलली तर पाइप बरोबर त्या घडीत अडकला पाहिजे. ती जागा सापडली की पाइपवर रंगाची खूण करून ठेवा. क्लीनची पकड खांद्यांच्या थोडी बाहेर, अंगठ्यानं मांडीची बाहेरची बाजू घासेल एवढी.

स्नॅच: वरून खाली शिका

जमिनीवरून सुरुवात करू नका. आधी कमरेपासून, मग गुडघ्याच्या वरून, मग गुडघ्याच्या खालून आणि शेवटी विटांवरून. शेवटचा भाग आधी पक्का झाला की बार कुठे पोचवायचा आहे हे अंगाला कळतं.

पहिला टप्पा. पाइप जांघेच्या घडीत, गुडघे किंचित वाकलेले, धड जवळपास सरळ, हात लांब. इथून पायांनी जमीन जोरात ढकला, घोटे-गुडघे-कंबर एकदम सरळ होऊ द्या, खांदे कानाकडे उचला. पाइप अंगाला लागून वर जाईल. त्याच क्षणी पाय थोडे बाजूला टाकत पाइपखाली अर्धं बसा आणि हात सरळ करून त्याला टेकू द्या. हा पॉवर स्नॅच. तीन वेळा करा, थांबा, पुन्हा तीन वेळा. असे आठ-दहा संच.

इथे जवळपास प्रत्येक जण हात आधी वाकवतो. वावरात सगळं काम हातांनी ओढायचं असतं, म्हणून ही सवय येते. हात म्हणजे कासरा समजा. कासरा जोर लावत नाही, जोर पोचवतो. पायांनी जोर लावून संपेपर्यंत कोपर वाकायला नको.

हे नुसतं सांगून समजत नाही, म्हणून मी खडू वापरतो. काळी ट्रॅकपँट घालायची, पाइपच्या मधल्या भागाला फळ्यावरचा खडू जाड फासायचा, तीन स्नॅच करायचे आणि पँटकडे पाहायचं. पांढरी रेघ जांघेच्या घडीवर आली तर बार बरोबर जागी लागला. मांडीच्या मध्यावर आली तर तुम्ही घाई केली. रेघच नाही, तर बार अंगापासून दूर गेला.

नववीतली एक मुलगी होती. रेघ चार दिवस मांडीच्या मध्यावर येत होती. मी म्हणायचो, हात सैल सोड. ती म्हणायची, “सर, सैलच तं सोडतो मी.” पाचव्या दिवशी मी तिच्या हातात पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या दिल्या आणि म्हटलं, बादल्या घेऊन टाचा उचल, खांदे उचल, पण पाणी हिंदकळू देऊ नकोस. पहिल्यांदा कोपर वाकलं आणि पाणी पायावर सांडलं. चौथ्या-पाचव्या वेळेला हात दोरासारखे लांब लोंबले, बादल्या सरळ वर आल्या, पाणी हललं नाही. लगेच पाइप दिला. तीन स्नॅच केले आणि तिनं खाली पाहिलं. रेघ घडीच्या बोटभर खाली होती. “आलं ना सर?” म्हणाली. आलं होतं. दुसऱ्या दिवशी रेघ आणखी बोटभर वर सरकली.

बार मांडीला घासून जातो, आपटत नाही. जांघेवर काळंनिळं पडत असेल तर तुम्ही कंबर पुढे फेकून बारला धक्का देत आहात. तसा धक्का बसला की बार पुढे उडतो आणि मग त्याच्यामागे पळावं लागतं.

आता ठशांचा उपयोग. सुरुवातीला पंजांच्या टोकापुढे जमिनीवर रेघ ओढा. स्नॅच झाल्यावर तिथेच उभे राहून पाहा. ठसे रेघेच्या मागे किंवा रेघेवर असतील तर ठीक. रेघ ओलांडून पुढे गेला असाल तर बार अंगापासून लांब फिरून आला. मोबाईल असेल तर तीन-चार मीटरवर, कमरेच्या उंचीला, बाजूनं ठेवा आणि सावकाश चालवून पाहा. एका दिवशी एकच चूक सुधारायची. दोन चुकांवर एकदम लक्ष ठेवलं तर दोन्ही राहतात.

दुसरा टप्पा गुडघ्याच्या वरून. सरळ उभे राहा आणि कंबर मागे ढकलत पाइप मांडीवरून गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत घसरू द्या. खांदे बारच्या पुढे, पाठ सपाट, भार तळव्याच्या मध्यावर. इथून वर येताना पाइप अंगाशी ठेवण्यासाठी पाठीच्या बाजूचे, काखेखालचे स्नायू आवळावे लागतात. ते आवळलेले कळण्यासाठी जोडीदाराला पाइप हळूच पुढे ओढायला सांगा आणि तुम्ही तो मांडीला दाबून धरा.

तिसरा टप्पा विटांवरून. पाइप पायाच्या मध्यावर, बुटाच्या नाडीच्या गाठीवर. खाली या, पकड घ्या, छाती काढा, पाठ सपाट करा, खांदे बारच्या थोडे पुढे. पाइप उचलताना पाठीचा जमिनीशी असलेला कोन गुडघ्यापर्यंत तसाच राहिला पाहिजे. गुडघे मागे जातात, पाइप पायाकडे किंचित आत येतो. कट्टा उचलायची सवय असलेल्यांची कंबर आधी वर जाते आणि छाती मागे राहते. मग सगळा भार कमरेच्या मणक्यावर येतो. यावर एकच उपाय: पहिला भाग संथ करा. विटांपासून गुडघ्यापर्यंत तीन आकडे मोजा, गुडघ्याशी एक क्षण थांबा, मग पुढे. जमिनीवरून झटका द्यायचा नसतो. वेग मांडीपासून येतो.

अर्धं बसून पकडणं जमलं की पूर्ण बसून पकडा. हमाल पोत्याखाली शिरतो तो भाग हाच, आणि इथे भीती वाटते. त्यासाठी स्नॅच बॅलन्स करा: पाइप मानेमागे खांद्यावर घ्या, हात रुंद, गुडघे किंचित वाकवून हलका धक्का द्या आणि पाइप आहे तिथेच ठेवून स्वतः झपकन खाली बसा. पाइप वर ढकलायचा नाही. पोरांना मी म्हणतो, पाइप भिंतीला ठोकलेला आहे असं समज आणि त्याला धरून खाली जा.

बार सोडणं, हे पहिल्याच आठवड्यात

मी शिकलो तेव्हा हे मला कुणी शिकवलं नाही. 60 किलोचा स्नॅच डोक्यामागे गेला आणि मी तो सोडायच्या ऐवजी धरून ठेवला. उजव्या खांद्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं. आठ महिने तो हात डोक्यावर गेला नाही. शर्ट घालायला मोठ्या भावाची मदत घ्यावी लागायची. सोडायला शिकलो असतो तर त्या दिवशी काहीच झालं नसतं. म्हणून माझ्याकडे येणारं पोट्टं पाइपवर सोडायला शिकल्याशिवाय प्लेटा लावत नाही.

स्नॅचमध्ये बार पुढे जात असेल तर हातांनी पुढे ढकला आणि मागे उडी मारा. मागे जात असेल तर हात सरळ ठेवूनच पकड सोडा आणि पुढे उडी मारा. क्लीनमध्ये उठता येत नसेल तर कोपरं खाली सोडा, बार छातीवरून पुढे पडू द्या आणि मागे सरका. कोपरं गुडघ्यावर टेकलेली असताना बार पडला तर मनगट मोडू शकतं, म्हणून कोपरं कायम वर. आजूबाजूला कुणी उभं नको, मोकळ्या प्लेटा पडलेल्या नकोत. शेडमध्ये शिरणाऱ्या बारक्या भावंडांना बाहेर बसवा.

क्लीन

स्नॅच बसला असेल तर क्लीन लवकर येतो, कारण ओढण्याची रीत तीच आहे. पकड अरुंद, आणि बार जांघेच्या घडीऐवजी मांडीच्या वरच्या भागाला लागतो. नवीन आहे ते खांद्यावर घेणं. बार खांद्याच्या पुढच्या मांसल भागावर, गळ्याला जवळजवळ टेकून बसतो. बोटांनी तो फक्त अडकवलेला असतो आणि कोपरं समोर, उंच. भार हातावर आला तर मनगट दुखतं. मनगट वाकत नसेल तर सुरुवातीला दोनच बोटं बारखाली राहू द्या, चालतं.

यासाठी फ्रंट स्क्वॉट करा, म्हणजे बार असाच खांद्यावर ठेवून खाली बसा आणि उठा, भरपूर करा. खाली बसल्यावर कोपरं पडली की धड पुढे झुकतं आणि बार निसटतो. जोडीदारानं कोपरांखाली तळहात धरावा, तळहाताला कोपर लागलं की मोजणी बाद.

जर्क

बार खांद्यावर, पाय कमरेएवढे. गुडघे थोडे वाकवा, साधारण वीतभर खाली, धड ताठ. मग पायांनी वर ढकला. धड पुढे झुकलं तर बारही पुढे जातो आणि जर्क तिथेच संपतो. पाठ भिंतीला टेकवून हीच खालीवर हालचाल 20-30 वेळा करा. डोकं, पाठ आणि कुल्ले भिंतीवरून सुटता कामा नयेत.

बार खांद्यावरून उडाला की एक पाय पुढे, एक मागे टाकून त्याच्याखाली जायचं. पुढच्या पायाची नडगी उभी, मागच्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला, टाच वर. दोन्ही पाय एकाच रेषेत टाकले तर तोल जातो, त्यांच्यात बाजूचं अंतर कमरेएवढं राहू द्या. कोणता पाय पुढे? डोळे मिटून उभे राहा आणि कुणाला तरी मागून हलकं ढकलायला सांगा. जो पाय आपोआप पुढे येतो तोच बहुतेकांचा. उठताना आधी पुढचा पाय अर्धा मागे, मग मागचा पुढे. उलट केलं तर बार पुढे ओढतो.

तुम्ही बारखाली गेल्या गेल्या कोपर सरळ झालं पाहिजे. वाकलेलं कोपर नंतर जोर लावून सरळ केलं तर त्याला प्रेस-आउट म्हणतात आणि पंच लाल दिवा देतात.

आठवडा कसा लावायचा

नवख्याला आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एकेक दिवस मोकळा. एका दिवशी स्नॅच आणि फ्रंट स्क्वॉट, दुसऱ्या दिवशी क्लीन, जर्क आणि ओव्हरहेड स्क्वॉट, तिसऱ्या दिवशी दोन्ही थोडं थोडं. स्नॅच किंवा क्लीन एका संचात तीनपेक्षा जास्त करू नका. दमलेल्या अंगानं केलेली चौथी-पाचवी फेरी चुकीची होते आणि अंग चूकच पाठ करतं. संचांमध्ये दीड-दोन मिनिटं थांबा.

पहिले तीन आठवडे पाइप. मग बार. बारवर दहा पैकी आठ वेळा खडूची रेघ बरोबर आली आणि पाय रेघेच्या आत राहिले, तर अडीच किलोच्या दोन प्लेटा. पुढेही वजन वाढवण्याचा नियम हाच. तीन महिन्यांत बारवर 10-15 किलो चढले तर चांगली गती आहे. पोरं अधीर होतात. “सर, हे तं काठीच आहे, वजन कधी देता?” हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो आणि मी दर आठवड्याला खडू दाखवतो.

सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. सोयाबीन निघालेलं असतं, पहाटे थंडी असते. कापूस वेचणीच्या दिवसांत बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे असतात, तेव्हा पकडीचं काम कमी करा. ज्या दिवशी घरचे कट्टे वाहिले त्या दिवशी सराव नको, तो सरावच झाला. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा 45 अंशांवर जातो. त्या दिवसांत साडेपाचला सुरू करून सातला थांबा. टिनाच्या शेडमध्ये दुपारी ठेवलेला बार हाताला चटका देतो. पावसाळ्यात बार गंजतो, म्हणून कोरड्या ब्रशनं घासून तेलाचा पातळ हात फिरवा. हाताला लावायची पांढरी पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. फळ्याचा खडू किंवा टाल्कम पावडर हाताला लावू नका, टाल्कमनं तर पकड उलट निसटते.

खाणं आणि घरच्यांचे प्रश्न

डब्याची पावडर लागत नाही. 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास. भाकरी, वरण, भिजवलेले चणे, फल्लीदाणे, दूध, जमेल तर अंडी, आणि पोटभर. खरी अडचण प्रथिनांपेक्षा पोटभर न खाण्याची असते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. त्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवतात. सराव करणाऱ्या मुलीच्या आईशी मी हे स्वतः बोलतो. कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या तर तिथून उठून या. उत्तेजकात सापडलं तर बंदी येते, आणि शरीराचं नुकसान बंदी संपल्यावरही संपत नाही.

उंची खुंटते का, हे प्रत्येक बाप विचारतो. नीट शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत केलेल्या सरावानं उंची खुंटते असं संशोधनात आढळलेलं नाही. दहा-बारा वर्षांचं मूल पाइपवर निर्धास्त शिकू शकतं. मुलगी असेल तर करणम मल्लेश्वरीचं नाव सांगा. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तिनं 69 किलो गटात 240 किलो उचलून कांस्यपदक आणलं. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, आणि खेळ हाच.

पाठीत किंवा गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली, हाताला मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मांड्या जड होणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं.

पहिली स्पर्धा

पाच-सहा महिन्यांनी नजर असलेल्या माणसाला एकदा तरी दाखवा. तालुका किंवा जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक कुठे आहेत ते विचारा. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ आहे. अमरावतीत 1914 पासून चालत आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. 1936 मध्ये तिथल्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. विदर्भात अंगमेहनतीच्या खेळांची परंपरा नवी नाही.

स्पर्धेत स्नॅचचे तीन आणि क्लीन अँड जर्कचे तीन प्रयत्न मिळतात. दोन्हीतला सर्वांत चांगला धरून बेरीज होते. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न वाया गेले तर बेरीजच उरत नाही, म्हणून पहिलं वजन असं सांगा जे तुम्ही सरावात रोज, झोपेतून उठूनही उचलता. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं, घाई करू नका. बार डोक्यावर आला की हात सरळ, दोन्ही पाय शेजारी-शेजारी एका आडव्या रेषेत, आणि हलू नका. नवखी पोरं इथे आनंदानं लगेच बार सोडतात आणि चांगला उचललेला बार बाद होतो. पंचांचा खाली घेण्याचा इशारा येईपर्यंत थांबा, आणि सोडतानाही बार खांद्यांच्या खाली येईपर्यंत हातातून सुटू देऊ नका.